दाखवण्याजोगे काही नाही

काळ्या पडद्यावर तीच ओळ अकराव्यांदा उमटली, तेव्हा फिरोज मुजावरने कळफलक पुढे ढकलला आणि तो खुर्चीसकट मागे सरकला.

'दाखवण्याजोगे काही नाही.'

"आहे!" तो पडद्यालाच म्हणाला. "मी माझ्या हातानं ठेवलीय. आणि तू मलाच सांगतोस, नाही म्हणून?"

"कुणाशी भांडतोयस रं?" मागच्या उंच पलंगावरून तानूबाई खोतांनी विचारले.

"या डबड्याशी, मावशी."

मिरजेच्या मेरुसेतू संशोधन केंद्रात सकाळचे पावणेअकरा वाजले होते. तानूबाई पाठीला तक्के लावून अर्धवट बसल्या होत्या. कमरेखाली चादर होती आणि चादरीखाली दोन पाय होते. ते काल संध्याकाळपर्यंत चालत होते. आता हलत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी पानमळ्यात शिडीवरून पडून त्यांचा मणका मोडला. इथे त्यांच्या पाठीत मेरुसेतू बसवला. बोटाच्या पेराएवढी ती चकती. मेंदूकडून आलेला हुकूम ती तुटीच्या वरच्या टोकाला उचलते आणि खालच्या नसांना पोचवते. पण प्रत्येक माणसाच्या नसांची भाषा वेगळी. म्हणून पहिले नऊ महिने चकती त्या माणसाकडून शिकते. माणूस पाय उचलायचा प्रयत्न करतो, पडतो, पुन्हा करतो, आणि चकती एकेक खूण टिपून घेते. त्या सगळ्या खुणांची मिळून एक फाइल होते, तिला केंद्रात चालमुद्रा म्हणत. ती संगणकात जपून ठेवायचे काम फिरोजचे. नऊ महिन्यांनंतर नसांच्या टोकांवर वण धरतो. मग त्यांना नवे काही शिकवता येत नाही, शिकलेलेच फक्त वापरता येते. म्हणजे एका माणसाला जन्मात एकच चालमुद्रा.

दर तीन वर्षांनी चकतीची बॅटरी बदलावी लागे. बदलली की चकती कोरी होई, आणि संगणकातून मुद्रा पुन्हा भरायची. वीस मिनिटांचे काम. काल तानूबाईंची बॅटरी बदलली होती. मुद्रा भरायची राहिली होती, कारण मुद्रा सापडत नव्हती.

केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमलता परुळेकर दारातून आत आल्या. त्यांच्या मागे सुबोध केळुसकर होता. केंद्रातले सगळे संगणक त्याच्या ताब्यात असत, आणि त्याला सकाळपासून चारदा बोलावणे गेले होते.

"झालं का?" परुळेकरांनी विचारले.

"नाही, मॅडम. अकरा फायली दिसतायत. अंतिम, अंतिम दोन, अंतिम खरी, अंतिम मॅडमनी बघितलेली. सगळ्या अर्ध्या आहेत. यात मावशींचा डावा पाय अजून शिकलेलाच नाही. पुरी मुद्रा मी वेगळ्या नावानं ठेवली होती."

"कुठल्या नावानं?"

फिरोज नाइलाजाने म्हणाला, "तक्रारीच्या."

"कसल्या तक्रारीच्या?"

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी त्या शिकाऊ डॉक्टरांनी 'उत्तम' नावाची मुद्रा उघडली होती, आठवतंय? सुधारणा केली तिच्यात. पेशंट जिन्यावरून गडगडत खाली आला. तेव्हापासून मी जुनी असो नवी असो, पुरी मुद्रा अशा नावानं ठेवतो, जिला या इमारतीत कुणी हात लावणार नाही. पेशंटच्या तक्रारी पेशंटच्याच कप्प्यात जमा होतात ना? पंखा फिरत नाही, डास चावतात. त्या आजवर कुणी उघडल्यात?"

परुळेकर पडद्याजवळ आल्या.

"बरं केलंस," तानूबाई पलंगावरून म्हणाल्या. "आमीबी पाटल्या हळकुंडांच्या पोत्यात ठेवतो. कपाट समदेच उघडत्यात."

"पण मावशी, पोत्यात हात घालायला तरी मिळतो तुम्हाला. इथं पोतंच दिसत नाही मला!"

परुळेकर केळुसकरकडे वळल्या. "का दिसत नाही? फाइल असेल तर यादीत यायला नको?"

केळुसकरने चष्मा काढून शर्टाला पुसला. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्याला ठाऊक असावे.

"मॅडम, पूर्वी आपल्याकडे 'यादी' नावाची छोटी आज्ञा होती. दोन अक्षरं टंकायची, कप्प्यातली सगळी नावं एकाखाली एक छापून यायची. बस. तिला दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा तुम्हीच सगळे माझ्या डोक्यावर बसलात. सहाशे नावं येतात, त्यात हवी ती सापडत नाही, वगैरे. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी आपण जाणती यादी आणली."

"ती काय करते?"

"ती तुमच्याकडून शिकते. तुम्ही कुठल्या फायली उघडता, कुठल्या नुसत्या ओलांडून पुढं जाता, याची नोंद ठेवते. सारखं जे ओलांडता ते पुढच्या वेळी दाखवत नाही. नवा माणूस कामावर आला तर त्याची सवय अजून ठाऊक नसते, म्हणून बाकी कर्मचाऱ्यांची सवय त्याला लावते."

"म्हणजे आपण कुणीच तक्रारी उघडत नाही..."

"म्हणून तक्रारी कुणालाच दिसत नाहीत. बरोबर चाललंय तिचं."

"बरोबर?" फिरोज उसळला. "मी 'यादी तक्रारी' असं स्पष्ट लिहिलं तर म्हणते, दाखवण्याजोगे काही नाही. 'यादी सर्व' लिहिलं तर अकराच दाखवते. सर्व म्हणजे सर्व ना, केळुसकर?"

"सर्व म्हणजे तुम्हाला हवं असेल ते सर्व."

"मग तिला यादी का म्हणता? चहाच्या टपरीवरचा पोरगासुद्धा सांगतो, पोहे संपले, उपमा आहे. तो म्हणत नाही, साहेब, तुम्हाला पोहे आवडत नाहीत म्हणून जगात पोहे नाहीत!"

तानूबाई हसल्या. हसताना पोट हलले, पाय हलले नाहीत. त्यांनी ते पाहिले आणि हसणे थांबवले.

"नाव टंकून थेट उघड ना," परुळेकर म्हणाल्या.

"अक्षरनअक्षर बरोबर लागतं. नळाची होती, की पंख्याची, की गादीची, मला आठवत नाही. पुढं तारीखही घातली होती. सकाळपासून साठ नावं टाकून बघितली."

"मग ही जाणती यादी काढून टाका. जुनी बसवा."

"जुनी राहिली नाही, मॅडम. नवी कंपनीची आहे. मदतकक्षाला सकाळी कळवलंय. उत्तर आलं, 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'" केळुसकर थांबला. "आणि अजून एक गोष्ट आहे."

"बोला."

"सफाई. जी फाइल वर्षभर कुणाच्याच यादीत दिसली नाही, ती निरुपयोगी समजून पुसली जाणार. पहिली सफाई आज आहे. दुपारी बाराला. तीही कंपनीकडूनच चालते, मला थांबवता येत नाही."

फिरोजने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. अकराला सात मिनिटे होती. चौदा महिने कुणाच्याच डोळ्याला न पडलेल्या सगळ्या फायली, आणि त्यांतली एक तानूबाईंचे पाय.

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"परिपत्रक काढलं होतं मी. सगळ्यांना पाठवलं."

"मला नाही दिसलं."

"परिपत्रकं तुम्ही उघडत नाही ना," केळुसकर हळूच म्हणाला.

पुढची वीस मिनिटे त्यांनी सगळे करून पाहिले. परुळेकरांच्या खात्यातून यादी मागवली. सातच फायली आल्या. केळुसकरच्या खात्यातून मागवली. त्याला त्या कप्प्यात काहीच आले नाही, कारण रुग्णांच्या कप्प्यात तो कधी गेलाच नव्हता. नव्या झाडूवाल्या मुलीचे खाते उघडून पाहिले. तिला बाकी कर्मचाऱ्यांचीच सवय लागलेली. अकरा फायली, अंतिम, अंतिम दोन. फिरोजने मदतकक्षाला फोन लावला, तर एक गोड आवाज म्हणाला की आपण रांगेत चाळिसावे आहात.

"ती पेटी कुणाची हाय?" तानूबाईंनी विचारले.

"कुठली?"

"ज्यात तुमी मघापासनं हुडकताय. माझीच न्हवं?"

"तुमचाच कप्पा आहे, मावशी."

"मग सगळ्या गावानं हात घालून बघितला, झाडूवाल्या पोरीचाबी घातला. मला कुणी विचारतंय का? माझी मला बघू द्या की."

"मावशी, आत्ता नको, प्लीज," फिरोज वैतागून म्हणाला. पण केळुसकर जागच्या जागी थांबला होता.

"रुग्णांची खाती असतात," तो म्हणाला. "दुखणं किती आहे ते रोज भरायला. स्वतःचा कप्पा बघायचा हक्कही असतो त्यांना. पण आजवर एकाही रुग्णानं यादी मागितलेली नाही. रुग्ण काय उघडतात, काय ओलांडतात, हे तिला शिकायलाच मिळालेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय लपवायचं ते तिला ठाऊक नाही."

फिरोजने कळफलक उचलून तानूबाईंच्या मांडीवर ठेवला. पडदा त्यांच्यासमोर फिरवला. तानूबाईंनी अंगठा टेकवून खाते उघडले आणि एका बोटाने, बोट वर धरून अक्षर शोधत, 'यादी' लिहिले.

पडदा वरपासून खालपर्यंत भरला. मग भरतच गेला. चारशे बारा नावे.

"अल्ला!" फिरोज म्हणाला. "सरका मावशी, मी बघतो." तो भराभर खाली जाऊ लागला. नावे पाण्यासारखी वाहत गेली. शेवटाला पोचला, पुन्हा वर आला. "दोनशे तक्रारी आहेत! मावशी, एवढ्या तक्रारी केल्यात तुम्ही?"

"करायच्या न्हाईत तर काय? नऊ महिने होते हितं. आणि असं पळू नगंस. वरनं वाच. एकेक."

"वेळ नाही, मावशी!"

"मग सरक. मी वाचते."

तानूबाई पन्नाशीनंतर साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. त्यांना भरभर वाचता येत नसे. डोळा ओळीवरून घसरवून पुढे कसे जातात, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. त्या बोट पडद्याला लावून, ओठ हलवत, प्रत्येक नाव पुरे वाचत होत्या. केळुसकर घड्याळ बघत होता. परुळेकर उभ्याच होत्या.

"'डास चावतात.' ही माझी. 'डाळीत मीठ नाही.' माझी. 'डाळीत मीठ लई.' तीबी माझीच, दुसऱ्या दिवसाची. 'शेजारची बाई घोरते.' व्हय. 'मावशी म्हणू नका असे नव्या डॉक्टरला सांगणे.'" त्या फिरोजकडे बघून म्हणाल्या, "तू म्हण. तुझं चालतंय."

"मावशी, पुढं."

"'खिडकी लागत नाही.' माझी. 'गळक्या नळाबाबत स्मरणपत्र, सोळा जून.'" बोट थांबले. "ही माझी न्हवं."

"नक्की?"

"माझ्या खोलीत नळच नव्हता. पाण्याला तांब्या होता. मी कशाला नळाची तक्रार करू?"

फिरोज पडद्यावर वाकला. हे नाव त्याच्या डोळ्यांखालून दोनदा गेले होते. त्याने ते उघडले. अक्षरे नव्हती, नुसत्या खुणांच्या रांगाच रांगा होत्या, आणि वर लहान अक्षरांत लिहिले होते: तानूबाई खोत, चालमुद्रा, पूर्ण.

त्याने मुद्रा चकतीकडे सोडली आणि पलंगाच्या कठड्याला धरून उभा राहिला. घड्याळात अकरा वाजून बावीस मिनिटे झाली होती.

"वीस मिनिटं लागतील," तो म्हणाला.

परुळेकरांनी खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा बसल्या. केळुसकर आपल्या वहीत काहीतरी लिहू लागला. बहुधा नवे परिपत्रक.

"डॉक्टरीणबाई," तानूबाई म्हणाल्या, "ते टोकन देणारे लोंढे हायत न्हवं खाली? त्यांचीबी अशीच हरवली होती म्हणं."

केळुसकरचे लिहिणे थांबले.

मारुती लोंढे हे पूर्वी बसवर कंडक्टर होते. त्यांचीही बॅटरी बदलली होती, तेरा महिन्यांपूर्वी. तेव्हा जाणती यादी बसून एकच महिना झाला होता. त्यांची मुद्रा सापडली नाही. फिरोजने शपथेवर सांगितले की मी ठेवली होती, आणि त्याला कामात हलगर्जीपणाबद्दल मेमो मिळाला. लोंढ्यांना खालच्या खिडकीत टोकन वाटायची नोकरी मिळाली. ती परुळेकरांनी स्वतः भांडून मिळवून दिली होती. तेव्हापासून ते चाकांच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकन देत, आणि कुणाला आजार किती जुना म्हणून विचारत नसत.

"त्यांना आणा," परुळेकर म्हणाल्या. "लवकर."

लोंढे आले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं. फिरोज खुर्ची ढकलत धावत आला होता आणि लिफ्टमध्ये त्याने काहीबाही सांगितले होते. ते लोंढ्यांना पुरते कळलेले दिसत नव्हते.

"खिडकीत माणूस न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "रांग लागलीय."

"लागू द्या. अंगठा ठेवा इथं. आता 'यादी' लिहा."

लोंढ्यांनी लिहिले.

'नमस्कार, कर्मचारी लोंढे. दाखवण्याजोगे काही नाही.'

केळुसकरने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?"

"ते कर्मचारी आहेत, मॅडम! नोकरी दिली तेव्हा त्यांचं रुग्णाचं खातं कर्मचाऱ्याचं झालं. आता त्यांना आपल्याच डोळ्यांनी दिसणार, आणि तेरा महिन्यांत त्यांनी एकही फाइल उघडलेली नाही."

"दुसरं खातं काढा."

"एका माणसाला एकच."

"मग यांना परत रुग्ण करा!"

"नोकरी सुटल्याशिवाय होत नाही."

"मी राजीनामा देतो की," लोंढे म्हणाले. त्यांना आता थोडे थोडे कळू लागले होते.

"राजीनाम्याला महिन्याची नोटीस आहे." केळुसकर पडद्यावर नियम काढून भराभर वाचत होता. वाचतानाही त्याची नजर अर्ध्या ओळी गाळत होती. फिरोज त्याच्या खांद्यावरून ओरडला, सगळं वाच, सगळं. "थांबा. तडकाफडकी बडतर्फी. ही लगेच लागू होते. कारणं तीन. चोरी. चोरी नको, ती थेट पोलिसांकडे जाते. तीस दिवस विनापरवाना गैरहजर. तेही नको. वरिष्ठांशी गंभीर गैरवर्तन. पुराव्यादाखल ध्वनिमुद्रण, किमान तीस सेकंद."

"म्हणजे?"

"म्हणजे लोंढ्यांनी तुम्हाला तीस सेकंद शिव्या द्यायच्या."

परुळेकरांनी बडतर्फीचा अर्ज उघडला आणि ध्वनिमुद्रण सुरू केले. अकरा सत्तेचाळीस. "द्या, लोंढे."

लोंढे कावरेबावरे झाले. "मॅडम, तुम्ही… तुम्ही बऱ्या न्हाईत."

"अजून."

"लई वाईट हाय तुमचं वागणं. म्हणजे… तसं न्हाई, पण हाय."

अर्जाने दहा सेकंद विचार केला. 'पुरावा अपुरा. सदर संभाषण सौहार्दपूर्ण आहे.'

"मामा, कंडक्टर होता तुम्ही!" फिरोज किंचाळला. "घाला की शिव्या! सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याला काय म्हणायचात?"

"सुट्टे नंतर घ्या म्हणायचो. चौतीस वर्षांत माझ्यावर एक तक्रार न्हाई, फिरोज. ना मी कुणाची केली."

"अवो लोंढे," पलंगावरून तानूबाई म्हणाल्या, "डोळे मिटा आणि तुमच्या भावकीतलं कुणीतरी आठवा!"

पुन्हा मुद्रण सुरू झाले. लोंढ्यांनी 'मूर्ख' म्हटले आणि लगेच हात जोडले. पुरावा अपुरा. अकरा एक्कावन्न.

परुळेकर खुर्चीवरून उठल्या आणि लोंढ्यांच्या समोर गुडघ्यांवर बसल्या. ध्वनिमुद्रणाचे बटण त्यांनी पुन्हा दाबले. त्यांचा चेहरा तानूबाईंना दिसत नव्हता, पाठ दिसत होती.

"लोंढे, तुम्हाला मी काय सांगितलं होतं? पाय का गेले म्हणून?"

"नसा विसरल्या म्हणालात."

"नसा विसरल्या नव्हत्या. तुमची मुद्रा आम्ही हरवली होती. फिरोज सांगत होता की ती आहे, आणि मी त्यालाच मेमो दिला. मला केंद्राचं नाव खराब व्हायला नको होतं. तुमच्या नसांना काही झालेलं नाही."

लोंढ्यांनी खाली आपल्या मांड्यांकडे पाहिले. घड्याळातला काटा पुढे जात होता, पण फिरोजलाही त्यांना घाई करवली नाही.

"म्हणजे पायांची चूक न्हवती," शेवटी ते म्हणाले.

"नव्हती."

"मी तेरा महिने त्यांना बोलतोय." आवाज अजून मोठा नव्हता. "रोज आंघोळीच्या वेळी. मांडीवर थापटा मारतो आणि म्हणतो, नऊ महिने घालून शिकवलं तुम्हाला, आणि एका बॅटरीला विसरलात? गुरासारखं बोललोय मी माझ्या पायांना. बायको म्हणायची, डॉक्टरांना विचारा परत. मी म्हणालो, त्या शिकलेल्या बाई हायत, त्यांनी नोकरी दिली, त्यांना काय विचारायचं? रोज सकाळी तुमी माझ्या खिडकीपुढनं गेलात. रोज. 'कसे आहात लोंढे?' म्हणालात. मी 'बरा हाय' म्हणालो. तुमाला ठाऊक होतं! तुमाला ठाऊक होतं आणि तुमी मला टोकन वाटायला बसवलं! आणि मी तुमाला नमस्कार घालत होतो!"

त्यांनी एकही शिवी दिली नव्हती. पडद्यावरचा अर्ज थोडा वेळ थांबला.

'गैरवर्तन: अतिगंभीर. बडतर्फी मंजूर. ११:५६.'

"अंगठा," केळुसकर म्हणाला. "लोंढे, अंगठा ठेवा. यादी."

लोंढ्यांनी घाईने लिहिले. पहिल्यांदा 'यदी' झाले. पुसले, पुन्हा लिहिले.

'नमस्कार, रुग्ण लोंढे.'

मग नावे आली. तीनशेवर नावे. फिरोज पुढे झाला, पण तानूबाईंनी पलंगावरून दरडावले, "त्यांना वाचू दे!" आणि लोंढे वाचू लागले. बसमध्ये थांबे पुकारावेत तसे, मोठ्याने, एकही न गाळता. पहिला महिना. दुसरा महिना. अंतिम. अंतिम दोन. अंतिम नक्की. क्ष-किरण. रक्त. रक्त परत.

"तक्रारी शेवटाला असतील," फिरोज म्हणाला. "किती असतील कोण जाणे. यातली माझी कुठली ते कसं…"

"मी तक्रार केलीच न्हाई कधी," लोंढे म्हणाले आणि वाचत राहिले.

यादी संपत आली. शेवटी तक्रारी म्हणून दोनच नावे होती.

"'दिवा लुकलुकतो याबाबत स्मरणपत्र, नऊ मार्च.' आणि 'रुग्णाची तोंडी तक्रार, आज, अकरा छप्पन.'" लोंढ्यांनी मान वर केली. "ही दुसरी कुठली?"

"आत्ताची," केळुसकर म्हणाला. "ध्वनिमुद्रण. तुम्ही रुग्ण झालात, तशी तुमच्या कप्प्यात जमा झाली."

फिरोजने पहिली उघडली. खुणांच्या रांगा. मारुती लोंढे, चालमुद्रा, पूर्ण. एकदा यादीत दिसली, म्हणजे आता ती पुसली जाणार नव्हती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले आणि यंत्राच्या पोटात कुठेतरी सफाई सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. कुठले कुठले कप्पे रिकामे होत होते, ते कुणालाच दिसत नव्हते. ते फक्त त्या त्या रुग्णाला दिसले असते. केळुसकर मोजत बसला होता, केंद्रात आणखी रुग्ण किती.

पलंगावरची चादर एका टोकाला थोडी हलली. तानूबाईंनी तिकडे पाहिले आणि कुणाला सांगितले नाही. अजून सगळ्यांचे लक्ष लोंढ्यांकडे होते.

"मॅडम," लोंढे म्हणाले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "मघाशी मी जरा जास्त बोललो. ती दुसरी पुसून टाकायला सांगा."

"नको." परुळेकर अजून जमिनीवरच होत्या. गुडघ्याला हात लावून त्या उठल्या. "ती मला शांतपणे ऐकायचीय."

"मग तुमच्या खोलीत ऐका की. हितं कशाला, सगळ्यांम्होरं."

"माझ्या खोलीतल्या यादीत ती येणार नाही, लोंढे," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीशेजारी बसल्या. "जरा सरका. तुमच्याच पडद्यावर लावा."